पाणी कुठवर आलं होतं ते पोरांना मोजू द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या रविवारच्या पुरवणीत आइसलंडचे फोटो आले होते ते बघितल्यापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो. लेक-जावई डब्लिनला असतात, त्यांच्याबरोबर मी गेल्या सप्टेंबरात आइसलंडला जाऊन आलो. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर ज्वालामुखी किती वेळा काढला असेल त्याला गणती नाही, पण बर्फाखाली झाकलेला ज्वालामुखी असतो कसा ते पायाखाली आल्यावरच कळलं.

काटला नाव त्याचं. आणि तो दिसतच नाही! वर मिरदाल्सयोकुल नावाचं ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, पसरलंय, काही ठिकाणी बर्फाची जाडी ६०० मीटरच्या वर, म्हणजे कोल्हापुरातून पन्हाळ्यावर जितकं चढतो त्यापेक्षा जास्त बर्फ त्या तोंडावर बसलाय. त्याचीच एक जीभ खाली उतरते, सोलहेमायोकुल, तिच्यावर गाईडबरोबर चालता येतं. बुटाखाली लोखंडी काटे बांधतात, हातात कुऱ्हाडीसारखं हत्यार, डोक्यावर हेल्मेट. मला वाटलेलं सगळं पांढरंशुभ्र असणार, तर बर्फावर सगळीकडं काळी राख आणि त्या राखेचे कमरेएवढे टोकदार ढिगारे. मी समजलो दगडमाती आहे. गाईड पोरीनं हत्यारानं जरा खरवडलं तर बोटभर राखेखाली निळसर काचेसारखा बर्फ निघाला. राखेचा जाड थर बसला की ऊन आत जात नाही, आजूबाजूचं वितळतं आणि तेवढं उंच राहतं. ती राख मी चिमटीत घेऊन बघितली, आपल्या रानातल्या काळ्या मातीपेक्षा खरखरीत. तिथला दगडही ओळखीचा वाटला, आपल्या अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड पण लाव्हाचाच की, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि त्यांचा अजून गरम आहे. खाली ग्लेशियरमधून नदी निघते तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण खालच्या उष्णतेचं गंधकाचं पाणी बर्फाखालून त्या नदीत झिरपतं.

आता मुद्द्याचं. काटला बर्फ फोडून मोठा उसळला तो १९१८ साली. अशा वेळी लाव्हापेक्षा पाण्याचीच भीती जास्त, कारण खालून बर्फ वितळतो आणि सगळं पाणी एकदम सुटतं, घराएवढे बर्फाचे तुकडे घेऊन, त्या वेळी इतका गाळ आला की समुद्रकिनाराच पुढं सरकला. शेजारचा एयाफ्यालायोकुल २०१० ला फुटला, युरोपची विमानं बंद पडली ती आठवत असेल, तेव्हाही खाली पूर आला होता आणि लोकांना आधीच घरातून हलवलं होतं. म्हणजे ही माणसं पण आपल्यासारखीच पुराच्या तोंडाशी राहतात हो! पण वीक नावाच्या गावात कुणालाही विचारा, काटला उठली तर जायचं कुठं, तर टेकडीवरच्या चर्चकडं बोट दाखवतात. त्याचा सराव करून ठेवलाय. त्या भागात असलेल्या मोबाईलवर इशाऱ्याचा मेसेज पाठवायची पण सोय आहे.

आणि सगळ्यात जास्त मनात बसला तो ग्लेशियरच्या वाटेवरचा बोर्ड. जवळच्या गावातल्या शाळेची पोरं २०१० पासून दरवर्षी येऊन ग्लेशियर किती मीटर मागं गेलं ते मोजतात आणि आकडा त्या बोर्डावर लिहितात. जिथं तेव्हा बर्फ होता तिथं आता तळं आहे. सातवीतली पोरं ओ! मी त्या बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिलो, लेक म्हणाली बाबा चला, गारठलाय तुम्ही.

मला आमच्या थोरल्या अक्काचं शाहूपुरीतलं घर आठवत होतं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली तेव्हा तिच्या घरात पाणी शिरलं, ओसरल्यावर दाराच्या चौकटीवर मातकट रेघ राहिली होती, बरोबर देवळीच्या खाली चार बोटं. त्या दिवाळीला रंग दिला आणि रेघ गेली. २०२१ ला परत पाणी वाढायला लागलं तर सिलेंडर आणि तांदळाची पोती किती उंचावर ठेवायची यावरून घरात वाद, भाचा म्हणतो कंबरेएवढं होतं, अक्का म्हणते छातीला लागलं होतं. दोनच वर्षांत विसरलो! बाहेर पण तेच, पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकमेकाला विचारतं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, ३९ ला इशारा ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ, पण ४३ म्हणजे माझ्या गल्लीत नेमकं कुठं आणि ५० म्हणजे कुठं हे विचारलं की जो तो अंदाजानं सांगतो, आणि त्या अंदाजावर माणसं घरात थांबतात आणि मग रात्री बोट बोलवायला लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाहूपुरी, सुतारवाडा, नागाळा पार्क, तिकडं चिखली आंबेवाडी, जिथं जिथं पाणी येतं तिथल्या शाळांनी आणि तालीम मंडळांनी पावसाळ्याआधी हे काम हातात घ्यावं. म्हाताऱ्या माणसांना विचारून, मोबाईलमधले जुने फोटो शोधून २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर होतं ते पोरांनी टेपनं मोजावं, लाईटच्या खांबावर, देवळाच्या भिंतीवर पक्क्या रंगानं रेघ मारावी, शेजारी साल आणि बंधाऱ्याचे फूट लिहावेत, आणि बाणानं दाखवावं की इथून जायचं कुठं. पुढं दरवर्षी तेच बघत राहायचं. मोठा खर्च नाही यात. भूगोलाच्या तासाला याहून चांगलं प्रात्यक्षिक मला तरी कधी सापडलं नव्हतं, आणि नोकरीत असताना मला हे सुचलं नाही याचं फार वाईट वाटतं.

अक्काच्या चौकटीवर आम्ही परवा २०१९ च्या उंचीला खिळा मारलाय, ओसरलेल्या पाण्याच्या एका फोटोत ती रेघ आणि देवळी दोन्ही सापडली म्हणून जमलं. कुठल्या शाळेला किंवा तालमीला हे करायचं असेल तर टेप आणि रंगाचा डबा घेऊन मी यायला तयार आहे, मे महिन्यात कधीही सांगा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर