दिग्या, तुझंच खरं होतं

नाशिक, रविवार पहाट

प्रिय दिग्या,

पावणेदोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. चूक माझीच. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे आहेत तसेच.

काल रात्री माझी सतरा नंबरची आई, म्हणजे यीस्टची पेशी, गेली. अठ्ठाविसावी लेक, म्हणजे तिच्यातून फुटलेली नवी पेशी, दिली आणि थांबली. तीच आपली जुनी पद्धत: लेक सुईने बाजूला सारायची, दीड तासाने पुन्हा बघायचं, रात्री प्लेट फ्रीजमध्ये. मॉर्टिमर आणि जॉन्स्टननी १९५९ मध्ये असंच मोजून दाखवलं होतं की यीस्टच्या आईलाही मरण आहे. साधारण वीस-पंचवीस लेकी, मग संपलं. पण शेवटी ती केवढी झाली होती, दिग्या! शेजारच्या पेशी द्राक्षाएवढ्या धरल्या, तर ही चिकूएवढी. मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि मला नाशिकरोडचा फलाट आठवला.

"मोठी होते म्हणून म्हातारी होते," तू म्हणाला होतास. मी म्हणालो, छे, म्हातारी होते म्हणून फुगते. ते पांढऱ्या केसांसारखं आहे. माझ्या बाजूला सिंक्लेअर आणि गॅरेंटेंची १९९७ची ती डीएनएची वर्तुळं होती, रायबोसोमच्या जनुकांमधून सुटलेली, आईतच साठत जाऊन तिला म्हातारी करणारी. तू चिडून पंचवटी एक्सप्रेसमध्ये चढलास आणि माझा डबा घेऊन गेलास. तो स्टीलचा डबा अजून तुझ्याकडेच आहे, वहिनींना विचार.

दिवाळीनंतर मी हार्टवेलचा, सीडीसी २८ या पेशी-विभाजनाच्या जनुकात बिघाड असलेला, उष्णतेला हळवा स्ट्रेन काढला. ३७ अंशांवर तो स्टार्टपाशी, म्हणजे विभाजनाच्या दारातच, अडतो. लेक होत नाही, म्हणजे त्या मापाने वय वाढत नाही. अंग मात्र वाढत राहतं. एका फ्लास्कमध्ये भरपूर ग्लुकोज, दुसऱ्यात अगदी कमी, म्हणजे तिथल्या पेशी लहानच राहणार. दोन्ही सहा तास अडवून ठेवले आणि मग २५ अंशांवर आणले. लहान पेशी कामाला लागल्या. मोठ्यांतल्या कितीतरी उठल्याच नाहीत. अडकून राहण्याचा वेळ दोघींना सारखाच, फरक फक्त आकाराचा. न्यूरोर आणि अँजेलिका अमॉन यांच्या गटाने २०१९ मध्ये हेच छापलं होतं. मी तेव्हा वाचलं आणि खणात ठेवून दिलं.

कारण तुला आवडेल. डीएनए तेवढाच राहतो, पेशी वाढत जाते, आणि एका मर्यादेपुढे आरएनए-प्रथिनं बनवण्याचा वेग पुरत नाही. आचारी एकच, पंगत वाढतेय, शेवटी मिसळीच्या रश्श्यात पाणी. पेशीरस पातळ होतो. गंमत बघ, लहानपणी हेच पातळ होणं कामाचं असतं! लेक लहान जन्मते. ती वाढते तसं तिच्यातलं विभाजन रोखून धरणारं Whi5 हे प्रथिन विरळ होतं आणि स्टार्टचं दार उघडतं. स्कॉटहाइमच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलेलं.

आता खरं सांगतो, कशासाठी लिहितोय ते. २०१६ला माझ्याकडे एक मुलगी प्रोजेक्टला होती. तिने शेवटच्या पानावर लिहिलं होतं, आकार हेच म्हातारपणाचं एक कारण असेल का, हे तपासायला हवं. मी लाल शाईने शेरा मारला, 'कारण आणि परिणाम यांची गल्लत.' गुण कापले. पेपर यायला तीन वर्षं होती, दिग्या, आणि ती तिथे पोचली होती. मी ते पान नीट वाचलंच नाही. मला त्यात तुझा आवाज ऐकू आला आणि फलाटावरचा राग निघाला. भलत्याच पोरीवर.

ती संशोधनात गेली नाही. माझ्यामुळेच, असं मी म्हणत नाही. पण नाही असंही म्हणवत नाही. आता दिंडोरीकडे एका वायनरीत आहे, टाक्यांमधलं यीस्ट सांभाळते. परवा गंगापूर रोडला भेटली. "सर, अजून मोजता का हो?" म्हणाली, इतक्या आनंदाने की मला तिच्याकडे बघवेना. घरी म्हणतात, जुनं कशाला उकरता. तू तसं म्हणणार नाहीस. एमएस्सीला तुझं पान सगळ्यांसमोर फाडलं गेलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो, आणि गप्प बसलो होतो.

माझी वर्तुळं काही खोटी ठरली नाहीत, ते भांडण अर्धं शिल्लक आहे. पण तो शेरा चुकीचा होता, हे तिला तोंडाने सांगायचंय. नवे फोटो आणि तिचं जुनं पान घेऊन जाईन म्हणतो. हंगाम सुरू होतोय, कामाच्या वेळी गेलेलं चालेल का? की आधी चिठ्ठी पाठवू?

बदलीचं गाव मानवलं का? धाकटीची दहावी ना यंदा? तिला शुभेच्छा सांग.

पुढच्या रविवारी दिंडोरीला निघतोय. त्याआधी फोन कर, रात्री कितीही वाजता. अठरा नंबर अजून जिवंत आहे, मी जागाच असतो.

तुझा,
अण्णा