न्यूटची अंडी आणि पुरवणीतला हिशोब

प्रति, संपादक
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या टँकमध्ये न्यूटची (म्हणजे पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या गोतावळ्यातला प्राणी) पिल्लं काढा आणि विका असा लेख वाचला, एका जोडीची शेकडो अंडी म्हणजे शेकडो गिऱ्हाईकं असा हिशोब मांडलाय. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, सहा वर्षं स्पॅनिश रिब्ड न्यूट पाळतेय, तीनदा पिल्लं काढलीयेत, म्हणून गप्प बसवेना. (आई अजून व्हिडिओ कॉलवर विचारते, पाली पाळल्यास का गं? तिचंही चूक नाही म्हणा, सह्याद्रीत बेडूक ढीगभर पण न्यूट एकही नाही, तो बघायला दार्जिलिंग-सिक्कीम नाहीतर ईशान्येकडे जावं लागतं, मराठीत त्याला धड शब्दसुद्धा नाही.)

अंडी मिळणं सोप्पंच आहे. हिवाळ्यात थंडगार पाण्याने टँकचं पाणी बदललं की नर मादीच्या खाली शिरतो, आपले हात तिच्या हातांत अडकवतो आणि तिला पाठुंगळी घेऊन तासन्‌तास फिरतो, बघत बसावं असं असतं ते. मग एक-दोन दिवसांत झाडांना, काचेला, फिल्टरच्या पाइपला सगळीकडे अंडी. मी दोनशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. ती लगेच वेगळ्या डब्यात काढायची, नाहीतर आईबापच खातात.

लेखात खरा भाग एका ओळीत उरकलाय, "पिल्लांना बारीक खाद्य द्यावे". अहो कुठलं खाद्य? सुरुवातीला पिल्लाला हललेलंच दिसतं, गोळ्या पडून सडतात आणि पाणी खराब होतं. म्हणजे जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबीसारखी किडी), म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून त्यात मिठाचं पाणी नि हवेची नळी, आज आर्टेमियाची अंडी टाकली की उद्या पिल्लं निघणार, म्हणून रोज नवी बाटली लावायची, आणि उरलेलं ड्रॉपरने दोन वेळा उपसायचं. एक दिवस मी उशिरा आले आणि खायला घालायचं राहिलं तर सकाळी सात पिल्लांचे पुढचे पाय गायब, भावंडांनीच कुरतडलेले. पाय परत येतात, ती न्यूटची खासियतच आहे, पण तोवर सातही जणांना वेगवेगळ्या वाट्या. त्या वर्षी दिवाळीचं पुण्याचं तिकीट रद्द केलं मी.

आणि हे सगळं 20 अंशांच्या आतबाहेरच्या पाण्यात. पुण्याच्या मे महिन्यात टँकचं पाणी 30 च्या वर जातं, पंखा लावून थोडं उतरतं पण पुरत नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो, त्याची किंमत आणि लाइटबिल लेखात कुठेच नाही.

शिवाय न विकली गेलेली पिल्लं कुठे जाणार? आपल्याकडे तळ्यात. लाल कानाची कासवं तशीच पोचली ना शहरातल्या तलावांत. इथे नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या लिंबर्ग प्रांतातल्या जंगलातले फायर सालमँडर (न्यूटचेच भाऊबंद) बघता बघता जवळपास संपले, 2013 मध्ये कळलं की त्यांना मारणारी ती त्यांची कातडी खाणारी एक बुरशी आहे, मूळ आशियातली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली असावी. तिची बहीण, म्हणजे तसलीच दुसरी बुरशी, बेडकांना मारते. म्हणून आम्ही नवा प्राणी आधी महिनाभर वेगळा ठेवतो आणि टँकचं पाणी कधीच कालव्यात ओतत नाही.

माझ्यापुरता नियम असा, आधी घरं ठरवायची, मग त्या मानानेच अंडी ठेवायची. गेल्या खेपेला बारा घरं पक्की होती, मी वीस अंडी ठेवली आणि बाकीची पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये. ऐकायला वाईट वाटतं, पण दीडशे उपाशी पिल्लं बघण्यापेक्षा बरं.

पुढच्या पुरवणीत निदान तापमानाची आणि आर्टेमियाची ओळ तरी छापा, उन्हाळा लागायच्या आत.

आपली,
एक वाचक, आइंडहोवन