निवती रॉकच्या पक्ष्यांना दिलेला शब्द कुठे गेला? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. वर खात्याचं नाव लिहिलेलं नाही, कारण नक्की कुठल्या खात्याला लिहायचं हे मला आजपर्यंत एकाही टेबलावर कुणी सांगितलेलं नाही. दीपगृह केंद्राचं, पक्षी वनांचे, होडीचा परवाना बंदरांचा, पर्यटक पर्यटनाचे, आणि खडक कुणाचाच नाही. म्हणून ज्यांच्याकडे येत असेल त्यांनी वाचावं.

मी निवतीच्या बाजूचा होडीवाला. मासेमारी आमची पिढीजात, आता सीझनला पर्यटकही नेतो. आमच्या समोर समुद्रात, वेंगुर्ल्यापासून पंधराएक किलोमीटरवर, खडकांचा पुंजका आहे. नकाशात वेंगुर्ला रॉक्स, आम्ही म्हणतो निवती रॉक. त्यावर दीपगृह आहे, आणि त्या खडकांवर जे पक्षी वीण करतात ते आपल्या सगळ्या किनाऱ्यावर बोटावर मोजण्याइतक्या जागी वीण करतात.

सीझनच्या आधी आमची बैठक झाली होती. त्यात साहेबांनी माईकवर सांगितलं की विणीच्या दिवसांत खडकावर कुणाला उतरवायचं नाही, बोर्ड लागतील, गावातलेच दोन पोरगे राखणदार म्हणून घेऊ, त्यांना मानधन देऊ. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी पेपरात आले. बोर्ड लागला नाही. राखणदार आला नाही. आणि मेच्या मध्याला एक बोट मोठा स्पीकर लावून आली आणि पंधरा-वीस माणसं सरळ खडकावर उतरवली.

मी तेव्हा माझी माणसं घेऊन लांब उभा होतो. सुरय पक्षी अंडी उघड्या खडकावर घालतात साहेब, घरटं म्हणून काही नसतं, दगडाच्या फटीत किंवा नुसत्या सपाटीवर. अंड्याचा रंग दगडासारखाच, पायाखाली आलं तरी कळत नाही. सगळा थवा वर उठला, आरडाओरडा करत डोक्यावर फिरायला लागला, आणि ती माणसं त्याचेच व्हिडिओ काढत होती. एक पोरगा अंडं हातात घेऊन सेल्फी काढत होता. मेचं ऊन तुम्हाला माहीत आहे, त्या उन्हात आई अंड्यावरनं अर्धा तास उठली की आतलं पिल्लू भाजून मेलं. मी ओरडलो, उतरू नका, अंडी आहेत. तर त्या बोटीवाल्यानं मला विचारलं, खडक तुझ्या बापाचा काय?

नाही, माझ्या बापाचा नाही. पण माझा बापूस त्या खडकावर रेशन आणि गोड्या पाण्याचे डबे घेऊन जायचा, जेव्हा दिव्याला माणसं लागायची तेव्हा. समुद्र खवळला की आठवडा आठवडा होडी लागायची नाही आणि वरची माणसं डाळ-तांदूळ मोजून शिजवायची. पोर्तुगीज या खडकांना जळके खडक म्हणायचे, इंग्रजांनी तेच उचलून बर्न्ट आयलंड केलं. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, त्यांची जहाजं याच खडकांना वळसा घालून यायची. १८१२ मध्ये वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं आणि पुढे त्यांनी दीपगृह बांधलं, ते सोडून नंतर दुसऱ्या खडकावर नवं बांधलं, म्हणून आजही एकाला जुन्या दीपगृहाचा खडक म्हणतात. रात्री पाण्याबाहेर डोकं काढून उभे असलेले हे काळे दगड, दिवा नसता तर किती जहाजं फुटली असती. हे सगळं लिहितोय कारण बैठकीत एका साहेबांनी त्याला 'तो पिकनिक स्पॉट' म्हटलं. ते मला लागलं.

आणि पक्ष्यांचा इतिहास काही कमी नाही. ह्यूम साहेब, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ए. ओ. ह्यूम, एकोणिसाव्या शतकात इथले पक्षी बघून गेले आणि लिहून ठेवलं. १९४२ मध्ये हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. म्हणजे आमच्या या खडकाची जगाला दीडशे वर्षं माहिती आहे. माहिती नाही ती फक्त सरकारला.

पाकोळीचं सांगतो, कारण ते कुणाला माहीत नसतं. खडकात एक गुहा आहे, आत मिट्ट अंधार. भारतीय पाकोळी आतल्या भिंतीला आपल्या लाळेनं घरटं चिकटवते, लाळ सुकली की कडक होते, त्यात गवत, पिसं. एका घरट्यात दोन अंडी. अंधारात भिंतीवर आपटू नये म्हणून वटवाघळासारखा आवाज काढत उडते, फरक एवढाच की वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही आणि पाकोळीची टकटक येते. एवढ्याशा पक्ष्याचं एवढं काम, आठवडेच्या आठवडे थुंकी गोळा करून. आणि त्याच घरट्याचं सूप पितात म्हणून बाहेरच्या देशांत त्याला मोठा भाव. २००१ च्या सुमाराला इथल्या घरट्यांची तस्करी उघडकीला आली. तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं धावून आली, पहारा ठेवला, मोजणी केली. संस्थेनं केलं, साहेब. सरकारनं काय केलं?

कायदा काय म्हणतो तेही मी वाचलंय, दहावी शिकलेला माणूस आहे पण वाचतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच लिहिलंय की रानपक्ष्यांची अंडी फोडणं, इतकंच नाही तर अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकार. म्हणजे मेमध्ये त्या बोटीनं केली ती शिकार होती, दिवसाढवळ्या, व्हिडिओसकट. तो व्हिडिओ मी पाठवला. उत्तर आलं, हद्द आमची नाही. दुसरीकडे गेलो, अर्ज इथे नाही, तालुक्याला द्या. तालुक्याला गेलो, साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो, साहेबांची बदली. नवीन साहेब म्हणाले नव्यानं अर्ज करा. प्रत्येक फेरीला डिझेल नाहीतर एसटी, आणि त्या दिवसाचा धंदा बुडाला तो वेगळा.

आणि मग काय झालं ते ऐका. तक्रार केल्यानंतर तपासणी आली, ती माझ्या होडीवर. लाइफ जॅकेट दाखव, लायसन दाखव, विमा दाखव. सगळं दाखवलं. एका जॅकेटची पट्टी तुटकी निघाली, दंड. होडी बांधून ठेवा म्हणाले. सीझनचे शेवटचे दिवस, ज्या दिवसांत पावसाळ्याचे चार महिने काढायचे पैसे मिळतात, त्या दिवसांत माझी होडी किनाऱ्याला आणि डोळ्यांसमोरनं ती स्पीकरवाली बोट रोज भरून जाते. बायको म्हणाली तुम्हाला काय पडलंय पक्ष्यांचं, पोरीची फी भरायची आहे. काय बोलणार मी? बरोबरच आहे तिचं. गावात लोक हसतात. भाऊबंद म्हणतात ह्याच्यामुळे सगळ्यांच्या होड्यांवर तपासणी येणार. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डॉक्टरनी गोळ्या दिल्यात. मी चोरी नाही केली, दारू नाही विकली, एलईडी लावून मासे नाही पकडले. मी फक्त बोललो.

एलईडीवरनं आठवलं. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्रानं एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री आमच्या किनाऱ्यावर येऊन समोर बघा, दिवाळी असते समुद्रात. दीपगृहाचा दिवा ओळखायचा तर आधी त्या झगमगाटातून शोधावा लागतो. पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काय येतं मग? कचरा आणि जेलीफिश. म्हणून तर आम्ही पर्यटनाकडे वळलो, तुम्हीच सांगितलंत म्हणून वळलो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर केलात, देशातला पहिला. तेव्हा मी तरुण होतो, वाटलं आता मुंबईला जायला नको. २०१८ मध्ये सांगितलंत निवतीच्या समुद्रात पाणबुडी येणार, पर्यटक तळाचे मासे बघणार. पाच वर्षं वाट बघितली, २०२३ च्या शेवटी पेपरात वाचलं की पाणबुडी गुजरातला चालली, मग खुलासे झाले, नाही नाही आपल्याकडेच येणार. कुठे आहे? आता आयएनएस गुलदार, नौदलातनं निवृत्त झालेलं जहाज, निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचं, केंद्राचे सत्तेचाळीस कोटीच्या आसपास मंजूर. माझा जहाजाला विरोध नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. बुडालेल्या जहाजावर प्रवाळ धरतं, मासे घर करतात, आमच्या पोरांना डायव्हिंगची कामं मिळतील, चांगलंच आहे. पण सत्तेचाळीस कोटीत एक बोर्ड बसत नाही? दोन राखणदार बसत नाहीत? जहाज बघायला हजारोंनी माणसं येणार, ती उद्या पाण्यातनं वर आली की बाजूच्या खडकावर चढणार नाहीत कशावरनं? कोण अडवणार त्यांना, मी?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा केला, २०२३ च्या डिसेंबरात उद्घाटन, २०२४ च्या ऑगस्टला जमिनीवर. महाराजांचा पुतळा ज्यांना नऊ महिने सांभाळता आला नाही ते सुरयाचं अंडं सांभाळतील असं आम्ही कशाच्या जोरावर मानायचं? सगळं उद्घाटनासाठी चाललंय. फीत कापायची, हेलिकॉप्टरनं जायचं, मागे काय उरलं ते बघायला कुणी नाही. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटर, कागदावर. आमचे खडक त्याच्या बाहेर. लक्षद्वीपला जाऊन बघा, पिट्टी नावाचं उघडं बोडकं बेट आहे, माणूस नाही, झाड नाही, नुसते सुरय आणि नॉडी. ते पक्षी अभयारण्य आहे. मग आमच्या खडकानं काय पाप केलंय?

दीपगृह पर्यटन पण तुम्ही आणलंत. २०२३ ला गोव्यातल्या आग्वादच्या किल्ल्यात दीपगृह महोत्सव झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सोयी देशाला अर्पण केल्या. आग्वाद ठीक आहे, तिथे रस्ता आहे. खांदेरीला किल्ला आहे, धक्का आहे, देवस्थान आहे, तिथे माणसं पूर्वीपासून जातात. पण प्रत्येक दिव्याला एकच माप लावू नका. काही दिवे लांबून बघायचे असतात. मी माझ्या पर्यटकांना शंभरेक मीटरवर होडी उभी करून दाखवतो, इंजिन बंद, दुर्बीण हातात देतो. सुरय चोचीत मासा धरून परत येतो, पाकोळ्या गुहेच्या तोंडाशी आत-बाहेर करतात, नशीब असेल तर डॉल्फिन. माणसं खूश होऊन जातात, पुण्याहून एक बाई दरवर्षी येतात फक्त यासाठी. खडकावर उतरवलं तरच पैसा मिळतो हे खोटं आहे. वेळासला बघा, कासवांच्या पिल्लांसाठी २००६ पासून महोत्सव होतो, घराघरांत पाहुणे राहतात, आणि अंडी कुणी पळवत नाही. गावानं करून दाखवलंय. आम्ही पण करू, आम्हाला शिकवायला नको, फक्त आमच्या पाठीत दंडाची पावती मारू नका.

मागण्या लिहितो, मोठ्या नाहीत. फेब्रुवारी ते सप्टेंबर खडकांवर उतरायला लेखी बंदी, मराठीत, तारखेसकट, सहीसकट. निवती, वेंगुर्ला आणि मालवणच्या धक्क्यावर बोर्ड. जो होडीवाला माणसं उतरवेल त्याचं लायसन त्या सीझनपुरतं जप्त, मग तो कुणाचाही भाचा असो. गावातले दोन राखणदार, पगारावर, टाळ्यांवर नाही. दिव्याच्या दुरुस्तीला जाणाऱ्या माणसांनी विणीच्या दिवसांत गुहेकडे जायचं नाही. आणि वर सांगितलेल्या चारही खात्यांपैकी कुठल्या तरी एकानं हा खडक आमच्या जबाबदारीत आहे असं लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या वेळी कुणाकडे जायचं ते कळेल.

जहाज बुडवायचा कार्यक्रम कराल तेव्हा आम्हाला बोलावू नका, आम्ही लांबून बघू. पण गणपतीनंतर समुद्र शांत झाला की बोटी सुटतात, आणि पाकोळ्या फेब्रुवारीत परत भिंतीला लागतात. त्याच्या आधी आदेश काढा. माझा पत्ता माझ्या सगळ्या अर्जांवर आहे, अर्ज सापडले तर.

आपला,
निवतीच्या किनाऱ्यावरचा एक होडीवाला