राज्याची हद्द न ओलांडलेल्यांचं काय?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

उदगीरचा पोरगा शेजारच्या भालकीत कामाला लागला, तर इतर अटींत बसल्यास तो कायद्याच्या लेखी स्थलांतरित कामगार ठरू शकतो. भालकी कर्नाटकात आहे ना! सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येता येईल एवढं ते जवळ. तोच पोरगा रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आखडून चाकणला आला, तर तो स्थलांतरित नाही. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचा होता. २०२० च्या केंद्राच्या कामगार संहितेनं त्याची जागा घेतली, पण व्याख्येतली हद्दीची अट तशीच ठेवली. गावी जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता त्या व्याख्येत बसणाऱ्यालाच.

गाव का सोडलं, ते सांगत बसत नाही. वाटणीला आलेली जमीन, त्यात सोयाबीन, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि आडतीवर हातात पडलेला भाव त्याच्याही खालचा. शिवाय शेती करणाऱ्याला पोरगी कुणी देत नाही. तेव्हा ‘गावाकडे परत या’ हे भाषण आम्हाला नको. ते करणाऱ्यांची पोरं पुण्यातच शिकतात.

आम्ही आलो ते आमच्या मर्जीनं, आणि पगार गावच्या मजुरीपेक्षा बरा आहे, हेही खरं. पण चाकणजवळच्या म्हाळुंगे, नाणेकरवाडीच्या खोल्यांत एकदा येऊन बघा. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच गादीवर आडवा होतो. भरती ठेकेदाराकडून. काही महिने झाले की ‘ब्रेक’ म्हणून कामावरून कमी करतात, मग नवा ठेकेदार, नवं ओळखपत्र, काम मात्र त्याच लाइनवर. पीएफ कुठल्या खात्यात अडकला ते शोधायला सुट्टी टाकावी, तर खाडा. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले मागतील ते भाडं द्यायचं. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा शासन निर्णय २०१८ पासून आहे म्हणे! तो तिकीट काढताना कुणाला दाखवायचा?

ऊसतोड मजुरांची नोंद ग्रामसेवकामार्फत करून त्यांना ओळखपत्र द्यायचं तुमच्याच सरकारी यंत्रणेनं ठरवलं. म्हणजे गावातून कोण बाहेर जातं, हे ग्रामपंचायतीला मोजता येतं. मग कोयता घेऊन जाणाऱ्याची नोंद होते, तशी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन जाणाऱ्याचीही करा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्याला त्यावर कायदा करता येतो. जिल्ह्याबाहेर कामाला गेलेल्या प्रत्येकाला, ठेकेदार कितीही बदलले तरी, एकच नोंदणी क्रमांक आणि प्रवासभत्त्याचा हक्क द्या. भत्ता ठेकेदारानं बुडवला, तर मूळ कंपनीकडून वसूल करा. एवढं एक विधेयक येत्या अधिवेशनात मांडणार का, याचं उत्तर हवं आहे. ‘सकारात्मक विचार करू’ हे उत्तर धरणार नाही.

आपला,
चाकण एमआयडीसीतला एक कंत्राटी कामगार
(मतदार यादीत अजून उदगीर तालुक्यातच)