वरच्या मजल्यावरच्या भावाला, एका खड्याच्या टिकलीबद्दल

प्रिय भावा,

तुझं नाव कुठे लिहायचं नाही असं तू जाताना बजावलंस, म्हणून अण्णा तुला ज्या नावाने हाक मारायचे तेच घेते. नोकरीसाठी तू पुण्याला गेलास त्याला तीन आठवडे झाले. साडेसात वाजले की अण्णा अजूनही जिन्याकडे कान लावून बसतात. तुझ्या चपलांचा आवाज त्यांना पाठ झालाय. खरं तर हे सगळं तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, पण मी बोलायला लागले की माझा गळा भरून यायचा आणि तू विषय बदलायचास.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या डोळ्यांचं तुला माहीतच आहे, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, सुताचा फरक नुसत्या नजरेने सांगणारा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. अक्षर लागत नाही, माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, पण हालचाल मात्र बरोबर टिपतात. दारातून मांजर गेलं तर आमच्या आधी त्यांना कळतं.

हा माणूस तरुणपणी तालमीत लाठी आणि दांडपट्टा शिकलेला, आणि 'एंटर द ड्रॅगन' थिएटरात लागला तेव्हापासून कुंग फूच्या सिनेमांचा वेडा. डोळे गेल्यावर एका दवाखान्यातल्या समुपदेशक बाई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, आता टीव्ही विसरा, भजनं ऐका." अण्णा घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढे मी एका फिल्म क्लबात विचारलं, वडिलांना घेऊन येऊ का, कुणी शेजारी बसून पडद्याखाली येणाऱ्या संवादांच्या पाट्या वाचून दाखवेल का? "आमच्याकडे मारधाडीचे सिनेमे नसतात," एवढंच उत्तर मिळालं. घरच्यांबद्दलही लिहिते, कारण ते खरं आहे. पडद्यावर दोघं मिनिटभर बोलायचे आणि आम्ही सांगायचो, "काही नाही, भांडताहेत." हळूहळू अण्णांनी विचारणंच सोडलं. सिनेमा लावून आवाज ऐकत बसायचे.

तू पाण्याच्या मोटरचं विचारायला खाली आलास, त्या संध्याकाळी 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' लागला होता. अण्णा मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघत होते. "काका, कुठला सिनेमा?" असं म्हणून तू टेकलास आणि न सांगता पाट्या मराठीत वाचायला लागलास. पूर्ण वाक्यं. आवाज बदलून नाटक नाही, घाईघाईत सारांशही नाही. पाण्याची मोटर तशीच राहिली.

1978 चा सिनेमा. गॉर्डन लिऊ शाओलिनच्या मठात शिकायला जातो आणि सिनेमाचा मोठा भाग नुसता त्याच्या शिकण्यात जातो. दोन्ही हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, आणि दंडांना अशी पाती बांधलेली की हात जरा खाली आला तर बरगडीत घुसावीत. अण्णा उठून उभेच राहिले. "हे खरं आहे. आमचे वस्ताद महिना महिना नुसता पवित्रा घ्यायला लावायचे, काठी हातात मिळायची नाही." दुसऱ्या दिवशी तू दिग्दर्शकाची माहिती काढून आलास. लाऊ कार-लेउंग. कुंग फूचा नावाजलेला चिनी वस्ताद वाँग फेइ-हुंग, त्याचा शिष्य लाम साइ-विंग, त्याचा शिष्य लाऊचे वडील, आणि वडिलांकडून लाऊ शिकला. वस्तादाकडून वस्तादाकडे आलेली विद्या म्हणून तिथे कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दाखवतो, हे अण्णांना त्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्यांचा एकच निकष: "पाय दाखव की रं!" ज्या सिनेमात कमरेखालचं कापतात आणि दर सेकंदाला चित्र बदलतात, तो बाद. मला आधी हा त्यांच्या डोळ्यांचा प्रश्न वाटायचा. आता मलाही तसंच वाटतं. पाय दिसल्याशिवाय ठोसा खरा वाटत नाही.

तू काय करत होतास ते मला 'कम ड्रिंक विथ मी'च्या वेळी उमगलं. 1966 चा किंग हूचा सिनेमा. चेंग पेइ-पेइ पुरुषाच्या वेशात खाणावळीत येऊन बसते, गुंड तिला घेरतात, आणि मग बराच वेळ नुसतं ताटकळणं. आवाज नाही, हालचाल नाही, म्हणजे अण्णांच्या दृष्टीने पडदा रिकामा. तेव्हा तू अगदी हळू म्हणालास, "काका, कुणी हललेलं नाही. सगळे तिच्याकडे बघताहेत. ती शांत बसलीय." आणि लढाई सुरू झाली तसा तू गप्प झालास, कारण आता त्यांना दिसणार होतं. जिथे दिसत नाही तिथे बोलायचं आणि जिथे दिसतं तिथे तोंड बंद ठेवायचं, हे तुला कुणी शिकवलं रे? डोळ्यांच्या इतक्या दवाखान्यांत फिरलो, तिथे कुणालाही हे सुचलं नव्हतं.

पुढे 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' लावलास आणि सांगितलंस की यातली म्हातारी खलनायिका म्हणजे तीच चेंग पेइ-पेइ, 34 वर्षांनंतरची. अण्णांनी सिनेमा थांबवायला लावून तिचा प्रसंग पुन्हा पाहिला. बांबूच्या शेंड्यांवरचं उडणं त्यांना पटलं नाही. "तारेवर कुणीही उडेल," म्हणाले. माझं त्यांच्याशी जमलं नाही, मला ते दृश्य फार आवडतं. पण मिशेल योह एकेक शस्त्र उचलते, जोडतलवारी, भाला, आकड्यांच्या तलवारी, आणि समोरची ती एक तलवार सगळ्यांचे तुकडे करत जाते, तिथे अण्णा लहान मुलासारखे मांडी थोपटत होते. प्रत्येक शस्त्राबरोबर पवित्रा बदलतो, हे तुला न मला, फक्त त्यांनाच दिसलं होतं. त्या रात्री ते सांगत होते आणि तू ऐकत होतास. चार वर्षांत पहिल्यांदा अण्णा कुणाला तरी काहीतरी दाखवत होते.

आता टिकलीचं. एखादी चाल पुन्हा पाहायची तर अण्णांना कुणाला तरी मागे घ्यायला सांगावं लागायचं. रिमोटची सगळी बटणं बोटाला सारखीच लागतात. दोनदा सांगायचे, तिसऱ्यांदा संकोचायचे. आम्ही त्याच घरात राहून हा संकोच पाहिला नाही. 'ओंग-बाक' बघत होतात त्या दिवशी. टोनी जा तारेशिवाय बँकॉकच्या गल्लीतून उड्या मारत जातो आणि दिग्दर्शक तीच उडी वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा दाखवतो. अण्णा खूश होऊन म्हणाले, "हा न सांगता मागे घेतो बघ." तू काहीच बोलला नाहीस. उठलास, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईला विचारलंस, "काकू, खड्याची टिकली आहे का एखादी?" आईने पाकीट पुढे केलं. त्यातली लाल खड्याची टिकली काढून तू रिमोटच्या मागे नेणाऱ्या बटणावर दाबून बसवलीस, आणि रिमोट अण्णांच्या हातात दिलास. त्यांचा अंगठा त्या गुळगुळीत बटणांवरून चाचपडत गेला आणि खड्याशी थांबला. दाबला. टोनी जा हवेतून उलटा मागे आला. पुन्हा दाबला. त्या दिवशी ती एक उडी त्यांनी अकरा वेळा पाहिली, कुणालाही न विचारता. मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

तू नात्याचा नाहीस, जातगावचा नाहीस, भाड्याने राहणारा पोरगा. तुझ्या परीक्षा होत्या, मेसच्या जेवणाने तुझं पोट बिघडलेलं असायचं, तरी तू यायचास. लोकांना मदत करायची असते तेव्हा ते पैसे देतात, सल्ला देतात, डॉक्टरचा नंबर देतात. शेजारी बसून, समोरच्याला जे आवडतं ते त्याच्याइतक्याच मनापासून बघणारं माणूस मी क्वचित पाहिलंय. कुणाच्या आवडीला हलकं न लेखणं, मला वाटतं माणुसकी इथूनच सुरू होते. अण्णांच्या सिनेमांना सगळे मारामारी म्हणायचे. तू त्यांना विद्या म्हणालास.

भांडलातही की! 'द रेड' तुझा सगळ्यात लाडका. इंडोनेशियातली सिलाट ही लढण्याची विद्या, अंधारी इमारत, अरुंद बोळ. अण्णांना त्यातलं निम्मं दिसलंच नाही, आणि दिसलं ते रक्त त्यांना सोसलं नाही. यायान रुहियानने हातातलं पिस्तूल बाजूला ठेवून नुसत्या हातांनी लढायचं ठरवलं, तेवढ्याला त्यांनी मान डोलावली. तू हिरमुसलास, पण दुसऱ्या दिवशी 'पोलिस स्टोरी' घेऊन आलासच. मॉलमधल्या खांबावरून जॅकी चॅन दिवे फोडत घसरतो, ते बघून अण्णांनी तुला मिठी मारली होती.

टिकलीचा डिंक मागच्या आठवड्यात सुटला. आईने त्याच जागी दुसरी लावली, हिरवी. अण्णा म्हणाले, ही जरा टोचते, पण चालेल. आता दिवाळीला येशील तेव्हाचं ठरलंय: किंग हूचाच 'अ टच ऑफ झेन', तीन तासांचा, कान चित्रपट महोत्सवात 1975 साली गौरवलेला. मी परवा लावून देत होते, वाचूनही दाखवलं असतं, आता मला जमतं. अण्णांनी रिमोट उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. भाऊ येऊ दे."

तुझी,
खालच्या मजल्यावरची ताई