बाई, तुमच्या सहाव्या मथळ्याबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रयोगवहीत पाच मथळे असतात: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. तुमच्या वर्गातल्या वहीत सहावा असायचा, ‘काय बिघडलं आणि का’. तो कोरा दिसला की तुम्ही सही करायच्या नाहीत. तुमच्या सेवानिवृत्तीच्या निमित्ताने लिहिलेलं हे पत्र त्या सहाव्या मथळ्यासाठी आहे. साताऱ्यातल्या तुमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांनी मिळून ते लिहिलं आहे. आमच्यात आता विज्ञान शिकवणारे आहेत, औषधं तपासणारे आहेत, दुधाची फॅट काढणारे आहेत. पण आमच्या गोष्टी इथे नकोत. तुम्ही जे हातात दिलंत ते नीट उतरवून काढावं, हाच आभार मानायचा आम्हाला सुचलेला मार्ग.

ऑक्सिजनचा प्रयोग पुस्तकात चार ओळींत संपतो, तुमच्याकडे त्याला अख्खे दोन तास लागायचे. कठीण काचेची परीक्षानळी, आतून पूर्ण कोरडी. त्यात ५ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि तोंडाशी काचेच्या लोकरीचा सैल बोळा, नाहीतर वायूबरोबर जांभळी भुकटी उडून वायुवाहक नळीत जाते आणि त्या नळीचं टोक ज्या पाण्यात बुडवलेलं असतं, ते पाणी रंगतं. बोळा कापसाचा नको, कारण तापलेलं परमँगनेट लागलं तर कापूस पेट घेतो. नळी स्टँडला लावताना तोंड किंचित खाली. वाफ थंड तोंडाशी जमते. तोंड वर असेल, तर तोच थेंब ओघळून तापलेल्या बुडाशी जातो आणि काच तडकते. सुरुवातीचे तीस-चाळीस बुडबुडे सोडून द्यायचे, कारण ती नळीतलीच हवा. ते जमवले की उदबत्तीचं टोक नुसतंच लालसर राहतं, भडकून पेटत नाही, आणि मग मुलं रसायनाला दोष देतात.

शेवट तर तुम्ही दरवेळी मोठ्याने म्हणून घ्यायच्या: ‘आधी नळी, मग दिवा.’ वायुवाहक नळी पाण्यातून बाहेर काढल्याशिवाय दिवा हलवायचा नाही. दिवा आधी काढला की परीक्षानळीतला वायू थंड होऊन आकसतो, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पात्रातलं पाणी नळीतून वर ढकलतो. गार पाणी तापल्या काचेवर पडलं की नळी गेलीच. ‘पाणी ओढलं जातं’ असं कुणी लिहिलं, तर तुम्ही ‘ओढलं’ खाली रेघ मारून ‘कोण ढकलतं?’ असं विचारायच्या. त्या एका प्रश्नात दाबाचा अर्धा धडा होता.

आणि मग हिशेब. ५ ग्रॅम परमँगनेटमधून साधारण ३८० मिलिलिटर ऑक्सिजन मिळायला हवा. हाती येतात दीडशे मिलिलिटरची दोन पात्रं. उरलेला कुठे गेला, हे सहाव्या मथळ्याखाली लिहायचं: थोडा पहिल्या बुडबुड्यांबरोबर सुटला, थोडा नळीतच राहिला, थोडा बुचाच्या फटीतून गेला, आणि थोडं परमँगनेट पुरेसं तापलंच नाही.

पानातल्या स्टार्चचा प्रयोग हमखास फसणारा. जास्वंदीची कुंडी ४८ तास बंद कपाटात. मग पानाला काळ्या कागदाची पट्टी, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लावली तर खालून येणारा उजेड पट्टीखालीही स्टार्च तयार करतो. चार-पाच तास ऊन दाखवून पान मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग स्पिरिट भरलेल्या परीक्षानळीत, आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात. इथे दिवा विझलेलाच हवा, कारण स्पिरिटची वाफ ज्योत गाठते. पान पांढरं पडलं की कडक होतं, पसरायला गेलं तर मोडतं. म्हणून आधी कोमट पाण्यात बुडवायचं. आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं. दाट घेतलं तर सगळं पान तपकिरी दिसतं आणि निळं-काळं त्यात लपून जातं. एका तुकडीला तुम्ही मुद्दाम कांद्याची पात दिलीत आणि काहीच निळं झालं नाही. कांदा पातीत स्टार्चऐवजी साखर साठवतो, हे त्या फसलेल्या पानांमुळेच पक्कं कळलं.

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड थोडक्यात सांगतो. पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यायचा आणि लगेच पाण्यात, नाहीतर तो गुंडाळतो. कव्हरस्लिप सुईवर टेकवून तिरकी, हळूहळू खाली. धप्पकन टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचं ते गोल गरगरीत वर्तुळ कितीतरी वह्यांत ‘पेशी’ म्हणून काढलेलं असायचं, अगदी केंद्रकासकट. तुम्ही ते खोडायला लावलं नाहीत. शेजारी ‘हवेचा बुडबुडा’ असं नाव द्यायला लावलंत आणि त्याच पानावर खरी पेशी पुन्हा काढून घेतलीत.

भिंगाचं नाभीय अंतर मात्र फक्त तुमच्याच प्रयोगशाळेत असं मोजलं जात असेल. खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा कागद, त्याच्यापुढे बहिर्गोल भिंग, आणि ते पुढेमागे करताना कागदावर अचानक उलटा अजिंक्यतारा उमटायचा. डोंगर वर, आकाश खाली, आणि किल्ल्यावरचा टीव्हीचा मनोरा वटवाघळासारखा लोंबणारा. १५ सेंटिमीटरच्या भिंगाला कुणाचं उत्तर १५ यायचं, कुणाचं १६.७. चूक मोजपट्टीत नव्हती. त्या मुलांनी किल्ल्याऐवजी दीड मीटरवरचे खिडकीचे गज स्पष्ट केलेले असायचे, आणि वस्तू इतकी जवळ असली की प्रतिमा, दूरच्या किल्ल्यासारखी नाभीवर न पडता, तिच्या मागे सरकून १६.७ वरच पडते. हे तुम्ही फळ्यावर सूत्राने दाखवून द्यायच्या. चुकलेलं वाचन सूत्रात चपखल बसलेलं पाहून सूत्रावर जो विश्वास बसला, तो बरोबर उत्तरांनी बसला नसता. आणि पाचही वाचनं १५.० लिहिलेली वही तुम्ही परत द्यायच्या. खऱ्या हाताने १४.८, १५.१, १५.३ असंच येतं.

शून्य सावलीला, म्हणजे भर दुपारी उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते त्या दिवशी, तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीतही मैदानावर असायच्या. साताऱ्यात १०-११ मेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टच्या २-३ तारखेला पुन्हा येतो, पण तेव्हा पावसात कोण बघणार! घड्याळात १२ वाजता सावली असतेच, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि सातारा ७४ वर. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं उशीर. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की साधारण १२:३०. सावली बघायला उभी केलेली ३० सेंटिमीटरची नळी एक अंश कलली तरी ५ मिलिमीटर सावली उरते, म्हणून आधी ओळंबा. ओळंबा न धरता ‘सावली गेली नाही’ म्हणणाऱ्याला तुम्ही काही न बोलता दोरा आणि दगड द्यायच्या.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. सौम्य आम्ल करताना आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, हे सगळेच शिकवतात. तुम्ही त्याचं कारण शिकवलंत: मिसळताना प्रचंड उष्णता निघते, आणि पाणी हलकं असल्याने ते वरच तरंगत उकळून आम्लासकट उडतं. दुधाच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने फॅट काढताना क्रम उलटा असतो. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या खुणांच्या काचनळीत, आधी १० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मग १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. नियम पाठ असलेला माणूस इथे गोंधळतो. कारण माहीत असलेल्याला लगेच दिसतं, की दूध कडेने हळूच सोडलं तर ते जड आम्लावर थर धरून राहतं, आणि बूच घट्ट बसेपर्यंत दोघं मिसळतच नाहीत. घाईत ओतलं तर दूध करपतं, काळे कण फॅटच्या स्तंभात येतात आणि वाचन धूसर होतं. त्या नोंदवहीत आज ‘शेरा’ नावाचा रकाना आहे. आमच्यासाठी तो तुमचा सहावा मथळा आहे.

बाई, तुमच्या सेवानिवृत्तीला हार-नारळ शाळा देईलच. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रयोगशाळेच्या कपाटात १५ सेंटिमीटरची बारा भिंगं, कव्हरस्लिपचे डबे, काचेची लोकर आणि दोन डझन कठीण काचेच्या परीक्षानळ्या ठेवल्या आहेत. सोबत दोनशे प्रयोगवह्या आहेत. त्यांच्या प्रत्येक पानावर सहा मथळे छापून घेतले आहेत. शेवटच्या मथळ्याखाली जागा थोडी जास्त सोडली आहे.

तुमचे,
दहावीच्या सगळ्या तुकड्यांचे विद्यार्थी