माझा भाऊ विचार करत नव्हता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत भाषा आणि विचारावरचा लेख वाचला. भाषा नसेल तर विचारच नसतो, असं लेखकांनी ठामपणे लिहिलंय. मग माझ्या धाकट्या भावाचं काय?

तो जन्मापासून बहिरा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, वडिलांचे चार यंत्रमाग. दहाव्या वर्षापासून तो मागावर हात टेकवून उभा राहायचा. कांडी संपत आली, दोरा तुटला, हे आम्हा ऐकणाऱ्यांच्या आधी त्याला हाताला कळायचं, कुठला माग आधी थांबवायचा हेही तोच ठरवायचा. याला विचार नाही तर काय म्हणायचं?

आणि भाषा म्हणाल तर तीही त्यानं स्वतःच केली. आधी वस्तूची खूण, मग क्रियेची. हा क्रम तो सहसा मोडत नसे. 'काल' सांगायचं तर हात खांद्यावरून मागे. यातलं आम्ही काहीच शिकवलं नव्हतं. उलट आम्ही दोघी बहिणीच त्याच्याकडून शिकलो. असंच मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातही घडलं. तिथे 1970च्या दशकाच्या अखेरीस बहिरी मुलं शाळेत पहिल्यांदा एकत्र आली. शिक्षक ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश ओळखायला शिकवत होते आणि मुलांनी घरून आणलेल्या खुणांतून आपसांत नवीच भाषा उभी केली. पुढच्या लहान मुलांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. मूल भाषेची जाण घेऊनच जन्मतं, हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की सांगत आले, त्यांना लेखात दोनच ओळी!

भावाला शाळेत घातलं तेव्हा खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. तिथे ओठ वाचायचे मराठीतले आणि घरी आमचे ओठ हलायचे तेलुगूत. पोराच्या पदरात धड एकही भाषा पडली नाही. चौथीतच तो घरी बसला, याचा राग मला आजही आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमण्याची तरतूद आहे. लेख लिहायचा तर त्यावर लिहा.

काल मी त्याला तुमचा लेख खुणांनी सांगितला. लिहिणाऱ्याला कधी बहिरा माणूस भेटलाय का, एवढंच त्यानं विचारलं.

आणखी एक. लेखात तीन ठिकाणी 'मुका-बहिरा' छापलंय. माझा भाऊ मुका नाही. कृपया 'कर्णबधिर' लिहीत चला.

आपली,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर